मोटारसायकल कोठें व कशी धुवावी ?

आमच्या वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या अंगणाचें स्वरूप गेल्या चाळीस वर्षांत पार पालटून गेलें आहे. पूर्वीं ज्या ठिकाणीं बैलजोडी बांधलेली असे व बाजूस बंडी उभी असे, त्या ठिकाणीं आज बहुतेक घरीं मोटारसायकल उभी दिसते. आमच्या लहानपणीं धामणगांव रेल्वेच्या बाजारांत एखादी राजदूत किंवा बुलेट आली म्हणजे पोरें तिच्यामागें धांवत व म्हातारीं माणसें तिला फटफटी म्हणत. सन १९८५ सालीं थोड्या पेट्रोलांत पुष्कळ चालणारी शंभर सी. सी. ची हीरो होंडा निघाली, आणि त्यानंतर हें वाहन हळूहळू व्यापारी, डॉक्टर व सरकारी अंमलदार यांच्या दारांतून कास्तकाराच्या दारीं येऊन पोंचलें. आज तें बियाण्याची थैली आणतें, खताचें पोतें वाहतें, फवारणीचा पंप शेतांत नेतें, दुधाची कॅन पोंचवितें, आणि कापसाचा भाव पाहण्यास मालकास बाजार समितींत घेऊन जातें. अशा स्थितींत त्यास चैनीची वस्तु म्हणणें आतां बरोबर नाहीं. वखर, डवरा व बंडी यांच्याच पंक्तींत मोटारसायकलीची गणना केली पाहिजे.

परंतु साधन बदललें तरी संवय बदलली नाहीं, असें आमचे पाहण्यांत येतें. पोळ्याच्या आदले सायंकाळीं हळद-लोण्यानें बैलांचे खांदे शेकावयाचे, व पोळ्याचे दिवशीं त्यांस नदी-नाल्यावर नेऊन अंग घासून स्वच्छ धुवावयाचें, ही आमची पिढीजाद रीत. ती उत्तमच आहे. पण त्याच रीतीनें दसऱ्याचे सुमारास मोटारसायकलीही त्याच पाण्यांत उतरवितात, व अर्धीं चाकें बुडेपर्यंत पात्रांत उभ्या करून कपड्यांच्या साबणपुडीनें धुतात. ज्यांस नदी दूर पडते ते विहिरीच्या थारोळ्याशींच हें काम उरकतात. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, बैल नदीवर धुवावा, पण मोटारसायकल नदीवर किंवा विहिरीवर कदापि धुऊं नये. आणि ती धुण्याचें काम सणाची हौस म्हणून न करितां औताची डागडुजी करावी तशा विचारानें करावें.

बैलाच्या अंगावरून जें निघतें तें शेण, माती व केंस. मातीचा माल मातीस मिळतो. मोटारसायकलीच्या अंगावरून निघणाऱ्या घाणीचे मात्र तीन प्रकार आहेत. पहिला शेतांतील चिखल. तो निरुपद्रवी होय. दुसरा ऑईल, ग्रीस व चेनवरील काळा मळ. तिसरा व सर्वांत वाईट प्रकार म्हणजे फवारणीच्या औषधाचे डाग. पंप कॅरिअरला बांधून नेतांना पाझरतो, बाटलीचें बूच सैल असलें तर औषध सीटवर सांडतें, आणि औषधानें ओले झालेले हात तसेच मुठींवर पडतात. सन २०१७ च्या पावसाळ्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व मजूर दगावले व शेंकडों लोकांस दवाखान्यांत न्यावें लागलें, हें वाचक विसरले नसतील. हीं विषें केवळ पोटांतूनच नव्हे, तर श्वासांतून व कातडींतूनही शरीरांत शिरतात. तेंच विष मुठींवर व सीटवर वाळून बसलेलें असतां आपण लहान मुलाच्या हातीं फडकें देऊन त्यास गाडी पुसावयास सांगतों, आणि त्या धुण्याचें पाणी ज्या विहिरीच्या कांठीं जिरतें तिचेंच पाणी सायंकाळीं माठांत भरतों ! याचा विचार कोणी करितो काय ?

ऑईलाविषयीं एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेचे प्रसिद्ध विद्वान बेंजामिन फ्रँकलिन यांनीं लंडनजवळील क्लॅफम येथील तळ्यांत एक चमच्याहून अधिक नाहीं इतकें तेल ओतून पाहिलें, तेव्हां तें पसरत पसरत सुमारें अर्धा एकर पाण्यावर गेलें व तेवढा भाग आरशासारखा निश्चळ झाला. हा वृत्तांत सन १७७४ मध्यें छापून प्रसिद्ध झाला. आमचा जन्म महसुलाच्या हिशेबांत गेल्यामुळें आम्हांस एकर-गुंठ्यांतच विचार करण्याची खोड आहे. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एका गांवांत शंभर मोटारसायकली धरल्या, व प्रत्येकीचें चमचाभरच तेल नाल्यांत गेलें असें मानलें, तर या हिशेबानें पन्नास एकर पाणी झांकलें जाईल. गाडीचें ऑईल त्या तेलाहून कमी पसरेल असें समजून यांतील निम्मे एकर वजा केले, तरी आमच्या नाल्यांस एवढें पाणी असतें कोठें ? तेव्हां तो तवंग थोड्याच पाण्यावर दाट होऊन बसतो. दाट तवंगाखालीं पाण्यास हवा मिळत नाहीं, मासोळ्या गुदमरतात, आणि तेंच पाणी आपलीं गुरें पितात. कायद्याचें म्हणाल, तर सन १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधाच्या कायद्यानें प्रवाहांत किंवा विहिरींत विषारी व दूषित पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास मनाई केलेली आहे. पण विहीर आपली व पाणी पिणारेही आपणच. तेथें कायद्याची आठवण करून देण्याची पाळी कोणावर येऊं नये.

हें पाण्याचें झालें. आतां यंत्राचें पाहूं. नदींत उभ्या केलेल्या गाडीच्या चाकांच्या बेअरिंगांत पाणी शिरतें, ग्रीस धुऊन जातें, व कांहीं महिन्यांनीं चाक घरघरूं लागतें. ब्रेकच्या ड्रमांत वाळूचे कण जाऊन लायनर झिजतात. सायलेन्सरांत पाणी राहिलें कीं तो आंतून गंजतो. पाणी एअर फिल्टरमार्गें इंजिनांत गेलें तर नुकसान याहूनही मोठें. कारण हवा दाबली जाते तसें पाणी दाबलें जात नाहीं, व गाडी सुरू करतांच आंतील दांडा वाकण्याचा संभव असतो. ता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ प्रमाणें बनविलेल्याच नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांतील बहुतेकींत पेट्रोल सोडण्याचें काम कार्ब्युरेटरऐवजीं विजेच्या यंत्रणेकडे असतें. तिच्यांत तारा व जोड पुष्कळ असल्यामुळें जुन्या गाडीपेक्षां नवीस पाण्यापासून अधिक जपावें लागतें. शिवाय वाळूच्या उपशामुळें नद्यांच्या पात्रांत वरून न दिसणारे खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाणी समजून पुढें गेलेला माणूस परत आला नाहीं, अशा बातम्या आपण वाचतोंच.

मग गाडी धुवावी कोठें ? विहीर, नाला व पाण्याची टाकी यांपासून निदान पन्नास पावलें दूर, उताराच्या खालच्या अंगास, घट्ट मुरूम घातलेली किंवा फरशी बसविलेली जागा निवडावी. उघड्या काळ्या जमिनीवर धुऊं नये. उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात, व घाण पाणी मातींतून हळूहळू गाळलें जाण्याऐवजीं भेगांतून सरळ खालीं उतरतें. पावसाळ्यांत तीच जमीन मऊ होऊन स्टँड रुततो व गाडी अंगावर कलंडते. मोटारपंपाची नळी लावावयाची असेल, तर वायरीचे उघडे जोड, ओली जमीन व अनवाणी पाय यांची गांठ पडूं देऊं नये. तिच्यानें माणूस जातो. खरें पाहतां नळीची गरजच नाहीं. तीन बादल्या पाणी पुरतें. नळी मोकळी सोडून धुणारानें एकदां तिच्याखालीं बादली लावून ती किती वेळांत भरते तें पाहावें, म्हणजे आपण किती पाणी दवडिलें याचा हिशेब त्याचा त्यासच कळेल. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतील बंधूंस आणखी एक सांगणें आहे. तेथील जमिनींतलें पाणी खारें असल्यामुळें त्यानें धुतलेली गाडी तशीच वाळूं दिली तर लोखंड लवकर गंजतें. शक्य तर साठविलेलें पावसाचें पाणी घ्यावें. नसल्यास धुतांच गाडी कोरड्या फडक्यानें पुसून काढावी.

शेतांतून आल्याबरोबर गाडीवर पाणी ओतणें ही पुष्कळांची पहिली चूक. त्या वेळीं इंजिन व सायलेन्सर तापलेले असतात. गार पाणी पडलें कीं तापलेली धातु एकदम आकसते, वरचा रंग व मुलामा खराब होतो, आणि उसळलेल्या वाफेनें हात भाजतो. अर्धा-पाऊण तास गाडी सावलींत निवूं द्यावी. नंतर ती मधल्या, म्हणजे डबल स्टँडवर घेऊन किल्ली काढून ठेवावी. सायलेन्सरच्या तोंडांत फडक्याचा बोळा घालून त्याचें टोंक बाहेर लोंबतें ठेवावें, म्हणजे मागाहून तो काढण्याचा विसर पडत नाहीं. किल्लीचें भोंक व मुठींजवळचीं बटणें प्लास्टिकच्या पिशवीनें झांकावीं.

पाणी घालण्यापूर्वीं दोन कामें आधीं उरकावीं. जेथें ऑईल व ग्रीस दिसेल तेथें तें कोरड्या चिंधीनें पुसून काढावें. साबण लागल्यावर ऑईलाचे बारीक कण होऊन तें पाण्यांत मिसळतें, व मग त्यास पाण्यापासून वेगळें करणें कठीण जातें. कोरडें पुसलेलें ऑईल चिंधींतच राहतें. दुसरें काम औषधाच्या डागांचें. गाडीवरून पंप किंवा औषध नेलें असेल, तर मोठ्या माणसानें रबरी हातमोजे घालून मुठी, सीट, कॅरिअर व टाकी हीं साबणाच्या ओल्या फडक्यानें प्रथम पुसावीं. मुलांस त्या दिवशीं गाडीजवळ येऊं देऊं नये. तें फडकें घरांत पुन्हां वापरूं नये व चुलींतही घालूं नये. काम आटोपल्यावर हात साबणानें धुवावे. औषध गाडीवर सांडूंच न देणें हें अर्थात् सर्वांत बरें. बाटल्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवून न्याव्या, व पंप शेतांत पोंचल्यावरच भरावा.

आमची काळी माती वाळली म्हणजे दगडासारखी होते. खुरप्यानें किंवा विळ्यानें खरवडण्याची घाई केली तर मातीबरोबर रंगही निघतो. तिच्यावर पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटें थांबावें. माती फुगून आपोआप सुटते. मडगार्डच्या पोटांतील व इंजिनाच्या पात्यांमधील माती लांकडी काडीनें व जुन्या ब्रशानें काढावी. इंजिनास हीं पातीं वारा लागून तें थंड राहावें म्हणून दिलेलीं असतात. त्यांमध्यें माती भरली म्हणजे वैशाखांत इंजिनास गोधडी पांघरल्यासारखें होतें. दिव्यांच्या कांचा व नंबराची पाटी याच वेळीं स्वच्छ करावी. रात्रीं मागून येणाऱ्या ट्रकवाल्यास आपला लाल दिवा दिसणें हें आपल्याच जिवाचें रक्षण आहे.

साबणाविषयीं बोलावयाचें तर धुण्याचा सोडा व कपड्यांची पूड वापरूं नये. त्यांतील तीव्र क्षारानें रंगाची चकाकी जाते व अल्युमिनियमचे भाग काळवंडतात. थोडा सौम्य शांपू किंवा रिठ्याचें पाणी पुरेसें आहे. धुणें वरून खालीं करीत यावें, व टाकी-सीटचें फडकें आणि चाकांचें फडकें निरनिराळें ठेवावें. नाहीं तर चाकांवरची वाळू टाकीवर ओरखडे काढते. खताचें पोतें वाहतांना कण सांडले असतील तर ते त्याच दिवशीं धुऊन काढावे. खत हवेंतील ओल शोषून घेतें, व रात्रभर लोखंडावर राहिलें तर गंज धरवितें.

चेनचें काम सर्वांत शेवटीं व सर्वांत सावधपणें करावें. पुष्कळ तरुण इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्यें टाकून, फिरत्या चेनवर फडकें धरितात. याहून घातक रीत दुसरी नाहीं. आमच्या परिचयाच्या एका तरुणाचें फडकें असेंच स्प्रॉकेटच्या दांत्यांत ओढलें गेलें व त्याबरोबर उजव्या हाताच्या दोन बोटांचीं पेरें गेलीं. हें सर्व डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच झालें. कापूस वेंचण्याच्या दिवसांत त्यास उरलेल्या बोटांनीं बोंडें सोडवितांना पाहिलें म्हणजे आमचा जीव तुटतो. तेव्हां चेन साफ करतांना इंजिन बंद, किल्ली खिशांत व गाडी न्यूट्रलमध्यें असावी, आणि मागचें चाक हातानेंच हळूहळू फिरवावें. मळ काढण्यास रॉकेल किंवा डिझेल थोडेंसें फडक्यावर घ्यावें. पेट्रोल घेऊं नये. पेट्रोलाची वाफ थंडींतही पेट घेते, आणि ती हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीवरून सरपटत दूरच्या चुलीपर्यंत किंवा विडीपर्यंत पोंचते. चेन कोरडी झाल्यावर तिला ९० नंबरचें गिअर ऑईल बेताचें द्यावें, व त्याचा थेंबही टायरवर किंवा ब्रेकच्या चकतीवर पडूं देऊं नये.

ब्रेकविषयीं आमची स्वतःचीच फजिती सांगतों. एके वर्षीं दसऱ्यास आम्हीं गाडी घाईघाईनें धुतली, हार घातला, व तशीच सोनें वाटण्यास बाहेर काढली. बंद फाटकासमोर सोयाबीनच्या कुटाराची बंडी उभी होती. आम्हीं ब्रेक दाबला, पण ओले लायनर धरीनात, आणि आम्ही हारासह त्या कुटारावर जाऊन आदळलों. बंडी कुटाराची होती म्हणून खरचटण्यावर निभावलें. तेथें ट्रक असता तर हा लेख लिहिण्यास आम्ही उरलों नसतों. त्या दिवसापासून आमचा नियम असा कीं, धुतल्यावर गाडी पुसावी, सायलेन्सरचा बोळा काढावा, इंजिन थोडा वेळ चालवावें, व मोकळ्या जागेंत अगदीं सावकाश फिरून दोन्ही ब्रेक हलकेच आठ-दहा वेळां दाबून सुकवावे. ब्रेक पूर्ववत् धरूं लागल्यावांचून रस्त्यावर जाऊं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, हा सर्व खटाटोप करण्यापेक्षां शहरांत धुण्याच्या दुकानीं गाडी नेली म्हणजे झालें. तसें करण्यास आमची हरकत नाहीं. पण तेथें दोन गोष्टी पाहाव्या. दाबाच्या पाण्याची धार चाकाच्या मध्यावर, हँडलच्या सांध्यावर, बटणांवर व सीटखालच्या फिल्टरवर जवळून मारूं देऊं नये. ती ग्रीस उडवून आंत पाणी घालते. आणि तेथील घाण पाणी कोठें जातें तें विचारावें. तें मागच्या नाल्यांतच जात असेल, तर आपण फक्त धुणारा माणूस बदलला. दुसरा कोणी म्हणेल, वेळ कोठें आहे ? त्यास आमचें उत्तर असें कीं, पंधरा दिवसांतून एक तास पुरतो, आणि स्वतःच्या हातानें धुणारास सैल झालेला नट, चिरलेला टायर व झिजलेला लायनर आपोआप दिसतो. बैलास खरारा करतांना त्याच्या खांद्याची सूज जशी मालकाच्या हातास आधीं कळे, तसेंच हें आहे.

शेवटीं एक सूचना ग्रामपंचायतींस व आमच्या संघाच्या सभासदांस करावीशी वाटते. गुरांकरितां गांवोगांवीं पाण्याचे हौद बांधले गेले. तसा गाड्या धुण्याकरितां एक लहानसा फरशीचा ओटा प्रत्येक गांवीं पाणवठ्यापासून दूर व्हावा. त्याचें पाणी एका लहान टांक्यांत घ्यावें व टांक्याच्या तळाकडून वांकड्या नळीनें बाहेर काढावें. ऑईल पाण्यावर तरंगतें, म्हणून बरेंचसें वरच राहतें, व तें वेळोवेळीं काढून डब्यांत भरतां येतें. मात्र औषधाचें विष या युक्तीनें अडत नाहीं. तें सांगितल्याप्रमाणें फडक्यानें आधींच काढलें पाहिजे. कामास दोन-चार गवंड्यांची मजुरी, थोडी फरशी व सिमेंट इतकेंच लागेल. दसऱ्यापूर्वीं असा ओटा झाला, तर मनाई करण्याचें कामच उरणार नाहीं. लोक आपण होऊन तेथें येतील.

आमचें शिक्षण मराठी सातव्या इयत्तेपर्यंतचें, व यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. वर लिहिलें तें स्वतःची गाडी वर्षानुवर्षें हातानें धुऊन, चुका करून व जाणत्या मेकॅनिकांस विचारून जमविलेलें आहे. नोकरींत आम्हीं पुष्कळ पंचनामे लिहिले, पण ते सर्व नुकसान होऊन गेल्यानंतरचे. येत्या दसऱ्यास प्रत्येक शेतकरीबंधूनें गाडी पाण्यांत उतरविण्यापूर्वीं त्या पाण्याच्या खालच्या अंगास कोणाचीं गुरें पाणी पितात व कोणाची विहीर आहे, एवढें क्षणभर आठवावें, ही आमची विनंती आहे.